‘गो’च्या कोपऱ्यात नुसतं पाठांतर कमी का पडतं

गो या खड्यांच्या खेळाच्या पटावर 19 आडव्या आणि 19 उभ्या रेषा असतात, म्हणजे 361 छेदनबिंदू. डाव बहुतेक वेळा कोपऱ्यातूनच सुरू होतो, कारण तिथे दोन बाजू पटाच्या कडांनीच राखलेल्या असतात. दोन डोळे, म्हणजे आपल्या खड्यांनी वेढलेल्या दोन वेगळ्या रिकाम्या जागा, करून गट कायमचा जिवंत ठेवायला कोपऱ्यात किमान सहा खडे लागतात, कडेला आठ आणि मधोमध दहा. म्हणून दोघेही कोपऱ्यासाठी झुंजतात. नवशिक्यांचे सर्वांत घट्ट गैरसमजही याच झुंजींबद्दल असतात.

पहिला गैरसमज पाठांतराचा. जोसेकी म्हणजे कोपऱ्यातल्या झुंजीत दोघांनाही परवडेल असा, पिढ्यान्‌पिढ्यांच्या अभ्यासातून ठरलेला चालींचा क्रम. ते क्रम घोकले की कोपरा आपला, असं अनेकांना वाटतं. पण ‘ताइशा’ आणि ‘नादारे’ या अवघड जोसेकींमधले कित्येक मार्ग शिडीवर अवलंबून असतात. शिडी म्हणजे शत्रूच्या खड्यांना दर चालीला एकच मोकळा (लगतचा रिकामा) बिंदू शिल्लक ठेवत पटावर तिरकं रेटत नेणं. त्या वाटेवर, अगदी समोरच्या कोपऱ्यात, शत्रूचा एखादा खडा आधीच बसलेला असेल, तर पळणारे खडे त्याला जाऊन मिळतात. मग पाठलाग करणाऱ्याच्याच रांगेत जागोजागी भगदाडं उरतात आणि तो डाव सावरणं फार कठीण जातं. तीच चाल, तोच कोपरा. एका डावात अचूक, दुसऱ्यात आत्मघातकी. म्हणून झुंज पेटण्याआधी शिडी कुठे जाते ते बोटाने मोजून पाहावं. हे काम पुस्तक करून देत नाही.

शिवाय पुस्तकातला क्रम म्हणजे अखेरचा शब्दही नव्हे. मोठ्या ‘नादारे’त बाहेरच्या बाजूला वळायचं, हे ठरून गेलं होतं. 1957 मध्ये खेळाडू गो सेइगेन यांनी प्रतिस्पर्धी ताकागावा यांच्याविरुद्ध आतल्या बाजूला वळून दाखवलं आणि त्या जोसेकीचा अभ्यास नव्याने सुरू झाला. चौथ्या रेषांच्या छेदावर प्रतिस्पर्ध्याचा खडा असताना सुरुवातीलाच तिसऱ्या रेषांच्या छेदावर घुसणं ही तर चूकच मानली जाई, कारण त्यातून प्रतिस्पर्ध्याला बाहेर भक्कम भिंत मिळते. ‘अल्फागो’ या संगणक प्रोग्रॅमच्या ‘मास्टर’ आवृत्तीने 2016–17 च्या सुमारास ऑनलाइन 60 पैकी 60 डाव जिंकले, आणि त्यांत ही घुसखोरी लवकर केली. दुसऱ्या रेषेवरची जुनी देवाणघेवाण तिने टाळली. त्यामुळे भिंतीत उणिवा राहिल्या आणि पुढची चाल दुसरीकडे खेळायला मोकळीक मिळाली.

मग संगणक सांगेल तेच प्रमाण, असंही काही जण म्हणू लागले. हाही गैरसमज. याच घुसखोरीतून निघणारी एक झुंज चिनी खेळाडू मी यूतिंग यांच्या नावाने, ‘उडता सुरा’ म्हणून ओळखली जाते. ‘काटागो’ हा बलाढ्य प्रोग्रॅम तिथे चाचपडत होता. त्याच्या सरावात त्या स्थिती मुद्दाम घालाव्या लागल्या.

‘कोपऱ्यातला गट सुरक्षित’ हा समजही महागात पडतो. दोन बाय तीनची सहा रिकामी घरं वेढलेला गट मधोमध असेल, तर शत्रूने आधी चाल केली तरी जगतो. तोच आकार कोपऱ्यात चेपलेला असेल आणि बाहेर एकही मोकळा बिंदू नसेल, तर मरतो. बाहेर एक बिंदू असेल तर ‘को’ होतो, म्हणजे तीच जागा आळीपाळीने जिंकण्याची लढाई. दोन असले तर गट सुटतो. कारण अगदी कोपऱ्यातल्या खड्याला मोकळे बिंदू दोनच असतात, कडेला तीन आणि मध्यात चार. कोपऱ्यातली अनेक युद्धं अशीच एका बिंदूने ठरतात. बाहेरून वेढा पडत असताना मी तर सगळ्यांत आधी हेच मोजायला सांगेन.

कोपरा गेला की डाव गेला, हेही खरं नाही. 1846 मध्ये ओसाकात गेन्नान इनसेकी यांनी सतरा वर्षांच्या शुसाकूसमोर ‘ताइशा’ मांडली. शुसाकू त्यात चुकला आणि मागे पडला. पण 127 व्या चालीला त्याने मध्यभागी असा खडा ठेवला की इनसेकींचे कान लाल झाले, अशी आख्यायिका आहे. 325 चालींनंतर शुसाकू थोडक्यात जिंकला.

समोरच्याने अनोळखी चाल टाकली, तर ती चमकदार आहे म्हणून चमकदार उत्तर शोधू नका. शिडी पाहा, मोकळे बिंदू मोजा, आणि दोन्ही तपासूनही गुंता सुटत नसेल तर साधा, भक्कम मार्ग घ्या. थोडं नुकसान झालं तरी पटाचा बाकीचा भाग तुमची वाट पाहतो आहे. आणि जोसेकींच्या जाड पुस्तकाआधी ‘त्सुमेगो’, म्हणजे जगण्या-मरण्याची छोटी कोडी, रोज थोडी सोडवा.