चौघी चांगल्या, तरी मशीन बंद पडतं

लग्नसराई ऐन भरात आली की शेवगावसारख्या तालुक्याच्या गावात व्हिडिओ एडिटिंग करणाऱ्यांची झोप उडते. हळदीपासून वरातीपर्यंतचं चित्रीकरण, त्यात नाथसागराच्या फुगवट्याकाठी केलेलं प्री-वेडिंग शूट, वर ड्रोनचे शॉट, आणि हे सगळं आता फोर-केमध्ये. दोन स्टिकची मिळून 16 जीबी रॅम या कामाला पुरत नाही. मग एडिटर मदरबोर्डवरचे उरलेले दोन स्लॉटही भरून घेतो. पहिली संध्याकाळ झकास जाते. दुसऱ्या रात्री रेंडर सत्तर टक्क्यांवर आलेलं असताना स्क्रीन निळी पडते आणि मशीन स्वतःहून रीस्टार्ट होतं.

हे चित्र कुणा एकाच दुकानातलं नाही. अल्बम डिझाइन करणारे, घरांचे नकाशे काढणारे, गेम खेळणारी पोरं, ज्यांच्या असेंबल केलेल्या कॉम्प्युटरमध्ये चार स्लॉट आहेत त्या कुणाच्याही वाट्याला ते येऊ शकतं. त्यावरचे पहिले उपायही सगळीकडे तेच: व्हायरस असेल म्हणून स्कॅन, मग विंडोज फॉरमॅट, आणि तरीही फरक पडला नाही तर रॅम काढून तिचे सोनेरी पाय खोडरबराने घासायचे. या खोडरबराची चेष्टा करायचं कारण नाही. जुन्या मशीनमध्ये पायांवर मळ साचलेला असला की तो उपाय खरंच चालतो. पण काल पाकिटातून काढलेल्या स्टिकला कसला मळ? उलट तिच्यावरचा सोन्याचा अतिपातळ मुलामा मात्र रबराने झिजतो.

गंमत पुढे आहे. चारही स्टिक दुकानात नेऊन एकेक तपासल्या तर चारही पास होतात. दुकानदार म्हणतो, रॅम ओके आहे. ग्राहक म्हणतो, मशीन बंद पडतंय. दोघंही खरं बोलत असतात. बिघाड कोणत्याही एकीत नसतो, तो चौघींच्या गर्दीत असतो.

ही गर्दी समजायची तर रॅमच्या पोटात डोकवावं लागतं. आजच्या रॅमची मूळ कल्पना आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची. 1966मध्ये ती त्यांना सुचली आणि 1968मध्ये पेटंट मिळालं. एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा इवलासा साठा करणारा एक कपॅसिटर, एवढ्या जोडीत एक बिट मावतो. साठा भरलेला म्हणजे एक, रिकामा म्हणजे शून्य. अडचण अशी की हा साठा म्हणजे गळका माठ. त्यामुळे डीडीआर4 रॅममधला प्रत्येक माठ साधारण 64 मिलिसेकंदांत एकदा पुन्हा भरावाच लागतो. माठ तापला तर गळती वाढते, म्हणून चिपचं तापमान 85 अंशांच्या वर गेलं की भरण्याची ही पाळी दुप्पट वेगाने घ्यावी लागते. शेवगावच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत, एकमेकींना खेटून बसलेल्या चार स्टिकमधून वारा फिरत नसेल, तर दुपारी बंद पडणारं आणि रात्री सुतासारखं चालणारं मशीन कशामुळे बिघडलंय याचा पहिला सुगावा इथेच लागतो.

पण उष्णता हे दुय्यम कारण. मुख्य गोष्ट आहे वेगाची.

डीडीआर4-3200 असं पाकिटावर लिहिलेलं असतं तेव्हा प्रत्येक डेटा-तारेवरून सेकंदाला 320 कोटी बिट जात असतात. एका बिटच्या वाट्याला येतात 0.31 नॅनोसेकंद. मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेघेतून संदेश प्रकाशाच्या साधारण निम्म्या वेगाने धावतो, म्हणजे तेवढ्या वेळात तो जेमतेम पावणेपाच सेंटिमीटर पुढे सरकतो. डीडीआर5-6000च्या बाबतीत हे अंतर अडीच सेंटिमीटरवर येतं. प्रोसेसरपासून रॅमच्या स्लॉटपर्यंतची वाट याहून लांब असते. याचा अर्थ पहिला बिट मुक्कामी पोचण्याआधीच दुसरा, तिसरा त्याच्या पाठोपाठ निघालेला असतो. एखादा जरा अडखळला किंवा परत फिरला, तर मागचा त्याच्यावर येऊन आदळणारच.

आणि संदेश खरोखर परत फिरतात. विहिरीत तोंड घालून हाक मारली की प्रतिध्वनी येतो, तसंच तारेचं टोक मोकळं असलं किंवा वाटेत फाटा फुटला की संदेशाचा काही भाग उलटा येतो आणि पुढच्या संदेशात मिसळतो. घरगुती मदरबोर्डवर स्लॉट चार असले तरी प्रोसेसरकडून निघालेल्या वाटा दोनच असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. प्रत्येक वाटेवर दोन स्लॉट. बहुतेक आधुनिक बोर्डांवर ही वाट आधी जवळच्या स्लॉटला भेटते आणि मग लांबच्या स्लॉटपाशी संपते. म्हणूनच दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये बसवायला बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेलं असतं. वाटेच्या टोकाला कुणीतरी ऐकणारं बसलेलं बरं. चारही स्लॉट भरले की प्रत्येक वाटेवर एका वक्त्याचे दोन श्रोते होतात, विजेचा भार वाढतो, प्रतिध्वनी वाढतात, आणि 0.31 नॅनोसेकंदांतला शून्य की एक हे नीट ऐकू येण्याचा क्षण अरुंद होत जातो.

हे कारखानदारांनी लपवलेलं नाही, फक्त ते पाकिटावर छापलेलं नसतं. एएमडीच्या रायझन 7000 मालिकेचे अधिकृत आकडे बघितले तर दोन स्टिकना डीडीआर5-5200पर्यंतचा वेग मान्य आहे, आणि चार स्टिक बसवल्या की हा आकडा थेट 3600वर येतो. त्याआधीच्या रायझन 3000 मालिकेत दोन स्टिकसाठी 3200, तर दुहेरी रचनेच्या चार स्टिकसाठी 2667. दुहेरी रचना म्हणजे एकाच स्टिकवर चिपांचे दोन गट. दोन्ही बाजूंना चिपा दिसल्या तर बहुधा तीच. चार दुहेरी स्टिक म्हणजे नावाला चार, भार मात्र आठांचा.

मग पाकिटावरचा 6000चा आकडा खोटा का? खोटा नाही, पण तो हमीचा वेग नाही. इंटेलचं एक्सएमपी आणि एएमडीचं एक्स्पो ही बायोसमधली, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या मूळ प्रोग्राममधली, बटणं सुरू केली की रॅम पाकिटावरच्या वेगाने पळू लागते, पण तांत्रिक भाषेत ते ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे मान्य वेगापलीकडे पळवणं झालं. त्यात रॅम टिकेल, पण प्रोसेसरच्या आतला मेमरी कंट्रोलर आणि बोर्डाच्या रेघा चौघींचा तो वेग पेलतीलच असं कुणी लिहून दिलेलं नसतं. शिवाय कारखाना तपासून विकतो तो एका पाकिटातला संच. दोन वर्षांपूर्वीची जोडी आणि आज आणलेली तशीच जोडी, लेबल तेच, मॉडेल क्रमांकही तोच, तरी आतल्या चिपा एकीकडे सॅमसंगच्या आणि दुसरीकडे एसके हायनिक्सच्या किंवा मायक्रॉनच्या असू शकतात. जुळ्या भासणाऱ्या या जोड्यांचं टायमिंग वेगळं पडतं.

आणि जोड्या मिसळायचा मोह आता वाढलाय. 2025च्या अखेरीपासून एआय डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमचे भाव भडकले. क्रुशल या नावाने घरगुती रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर 2025मध्ये तो ब्रँड आवरता घेत असल्याचं जाहीर केलं. अशा वेळी जुनी जोडी काढून नवी मोठी घ्यावी, हा सल्ला शहाणपणाचा असला तरी खिशाला बोचतो. माणूस मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर ऑनलाइन, मिळेल ती जोडी आणून रिकामे स्लॉट भरतो. त्याला दोष देता येत नाही.

प्रश्न उरतो तो शोध कसा घ्यायचा याचा. इथे मेकॅनिकची घाई आणि गिऱ्हाइकाची घाई, दोन्ही घात करतात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या कामाचा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात उपयोगी नियम. सुरुवात बायोसमधलं एक्सएमपी किंवा एक्स्पो बंद करण्यापासून करावी. त्याला पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. मशीन या मूळ वेगावर दोन-तीन दिवस न कुरकुरता चाललं तर निदान जवळपास झालंच: स्टिक चांगल्या आहेत, वेग झेपत नाही. मग वेग पायरीपायरीने वाढवून कुठे अडतो ते बघता येतं. डीडीआर4 असेल तर 2666, 2933, 3200 असं.

मूळ वेगावरही बंद पडत असेल तर खरी तपासणी सुरू होते. चारही स्टिकला चिकटपट्टी लावून एक ते चार आकडे द्यावेत. मेमटेस्ट86 किंवा मेमटेस्ट86+ हे मोफत प्रोग्राम पेनड्राइव्हवर टाकून विंडोज सुरू होण्याआधीच चालवता येतात. आधी एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये बसवून तपासायची. एखादीच चुका दाखवत असेल तर ती परत करावी, वॉरंटी त्यासाठीच असते. चारही पास झाल्या तर त्यातली एक पास झालेली स्टिक घेऊन ती चारही स्लॉटमधून फिरवायची. एकाच स्लॉटमध्ये चुका आल्या तर संशय स्टिकवरून उठून बोर्डावर आणि प्रोसेसरच्या खाचेवर जातो. हल्लीच्या खाचांत केसासारख्या बारीक हजाराहून जास्त पिना असतात. एखादी वाकली, किंवा कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले गेले, तरी एक अख्खं चॅनेल रुसतं. ही गोष्ट रॅम बदलून कधीच सुटत नाही, आणि नेमकी इथेच लोक तीन-तीनदा रॅम बदलतात.

64 जीबी रॅमची पूर्ण चाचणी रात्रभर चालते. चूक दाखवणारी लाल ओळ एकही नको. अब्जावधी बिटांत दोन-चार चुका म्हणजे काय मोठंसं, असं वाटू शकतं, पण रॅमच्या बाबतीत चूक ही चूकच. उलट मेमटेस्ट निर्दोष निघाला म्हणूनही निर्धास्त होता येत नाही, कारण त्या वेळी ग्राफिक्स कार्ड थंड पडलेलं असतं. प्रोसेसर, ग्राफिक्स आणि रॅम एकदम तापतात ते प्रत्यक्ष रेंडरमध्ये. म्हणून एखादं खरं रेंडर आणि जोडीला प्राइम95सारखा प्रोग्राम काही तास चालवून बघतात. प्राइम95 मुळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिलेला. गणित जरा चुकलं की लगेच ओरडतो, म्हणून मशीन तपासणाऱ्यांनी त्याला आपलंसं करून घेतलं.

बायोस अपडेट हाही रामबाण ठरू शकतो, कारण चार स्टिक सांभाळायची अक्कल अनेकदा नव्या आवृत्तीत येते. मात्र अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच निकामी व्हायची भीती. ज्या गावात वीज कधी जाईल याचा नेम नाही तिथे हे काम चालू यूपीएसवरच करावं, आणि त्याची बॅटरी खरोखर तग धरते का ते आधी बघून. व्होल्टेज वाढवून चौघींना पळवायचे सल्लेही मिळतात. ते जपून घ्यावेत. 2023मध्ये रायझन 7000 मालिकेतले काही प्रोसेसर जळाल्याची प्रकरणं गाजली, तेव्हा मेमरी कंट्रोलरला पुरवठा होणाऱ्या भागाचं व्होल्टेज 1.3च्या वर जाऊ नये म्हणून एएमडीला नवं बायोस काढावं लागलं. एक्स्पो सुरू केल्यावर काही बोर्ड ते व्होल्टेज आपोआपच चढवत होते.

निळी स्क्रीन परवडली, असं म्हणायची वेळ आणणारा एक प्रकार आहे. मशीन बंद न पडता चुकीचं काम करतं. झिप फाइल उघडत नाही, फोटोच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत पट्टे येतात, विंडोज टाकताना मध्येच फाइल करप्ट असल्याचं सांगतं. रॅममध्ये बिघडलेला बिट हार्ड डिस्कवर तसाच लिहिला जातो. म्हणून संशय आल्याबरोबर लग्नाचं मूळ चित्रीकरण दुसऱ्या, भरवशाच्या मशीनवरून बाहेरच्या डिस्कवर उतरवून ठेवावं. मेमरी कार्ड तोवर पुसू नयेत. लग्न पुन्हा लावून घेता येत नाही.

एका बिटने काय होतं? बेल्जियमच्या स्कारबेक पालिकेत मे 2003च्या निवडणुकीत एका उमेदवाराला मतदान यंत्राने 4096 मतं जास्त दाखवली. शक्य होती त्याहून मतं जास्त, म्हणून चूक पकडली गेली. 4096 म्हणजे दोनाचा बारावा घात, म्हणजे नेमका एक बिट शून्याचा एक झालेला. प्रोग्राममध्ये दोष सापडला नाही, आणि बिट आपोआप उलटला असावा असा निष्कर्ष निघाला. गूगलच्या सर्व्हरांवर आधारलेल्या 2009च्या एका प्रसिद्ध अभ्यासात वर्षभरात आठ टक्क्यांहून अधिक रॅम स्टिकमध्ये चुका आढळल्या. त्या सर्व्हरांत चूक पकडून दुरुस्त करणारी ईसीसी रॅम होती. घरगुती मशीनमध्ये बहुधा ती नसते.

एवढं सगळं करून चारही स्टिक ठेवायच्याच असतील, तर वेग कमी करून ठेवण्यात कमीपणा नाही. एडिटिंगला वेगापेक्षा जागा जास्त लागते. रॅम अपुरी पडून मशीन एसएसडीवर डेटा टाकू लागलं की जो वेळ जातो त्यापुढे 3200 आणि 2666मधला फरक किरकोळ आहे. गेम खेळणाऱ्याचं गणित वेगळं, त्याला तो फरक जाणवेल. आणि नवीनच मशीन बांधायचं असेल तर 16च्या चार घेण्यापेक्षा 32च्या दोन घ्याव्यात, एकाच पाकिटातल्या.

डीडीआर5 बसवणाऱ्यांसाठी एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवायला हवी. स्टिक बदलल्यावर पहिल्यांदा मशीन सुरू केलं की स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. पंखे फिरतात, पण दिसत काही नाही. तेव्हा बोर्ड प्रत्येक तारेवर संदेश धाडून नेमका कधी ऐकायचा ते जुळवत असतो, आणि चार स्टिक असतील तर हे जुळवणं आणखी लांबतं. घाबरून स्विच बंद केला की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तेवढा वेळ मशीनला हात न लावता चहा घ्यायला जावं.