गाडी गरम झाली? आधी थांबा, मग ऑर्डरचं बघा



मागच्या व्हिडिओत आपण डिलिव्हरीचा खर्च काढायला शिकलो. आज त्याच गाडीबद्दल एक गोष्ट सांगतो, जी मी पैसे मोजून शिकलोय.

एप्रिलची दुपार होती. माझा टेम्पो माल भरून पुण्याहून साताऱ्याला चालला होता. खंबाटकी घाटात ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन फोन केला, "दादा, काटा लालवर गेलाय." मी म्हणालो, "एवढा घाट चढून घ्या, वर गेल्यावर बघू." घाट संपायच्या आधीच इंजिन बंद पडलं. हेड गॅस्केट गेलं. गाडी चार दिवस गॅरेजला, माल पोचवायला भाड्याचा टेम्पो, आणि गिऱ्हाईक नाराज झालं ते वेगळंच. चूक ड्रायव्हरची नव्हती, माझी होती.

असं का होतं?

इंजिन साधारण 90 अंश सेल्सिअसच्या आसपास चालतं. जास्तीची उष्णता कूलंट उचलतं आणि रेडिएटरमध्ये सोडतं. कूलंट गळालं, पंखा फिरेना किंवा बेल्ट तुटला, की उष्णता आतच अडकते. त्यात माल भरलेला आणि रस्ता चढाचा! तसंच दामटलं तर सिलिंडर हेड वाकतं.

काटा वर गेला तर काय करायचं?

1. एसी बंद करा. हीटर असेल तर फुल करा, त्याने इंजिनची थोडी उष्णता बाहेर पडते.
2. सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. पार्किंग लाइट लावा.
3. किमान अर्धा तास थांबा. रेडिएटरचं झाकण अजिबात उघडायचं नाही! आत दाब असतो, त्यामुळे 100 अंशांच्या वरही पाणी उकळत नाही. झाकण काढलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी थेट तोंडावर उडतं.
4. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नका. धातूला तडा जाऊ शकतो.
5. इंजिन पूर्ण गार झाल्यावर कूलंटची टाकी बघा. पातळी कमी असेल तर कूलंट भरा. नसेलच तर गॅरेजपर्यंत जाण्यापुरतं साधं पाणी चालतं. खाली गळती आहे का, पाइप फुटलाय का, बेल्ट जागेवर आहे का, तेही बघा.
6. भरलेलं लगेच गळून गेलं, काटा परत चढला, किंवा इंजिन ऑइल दुधाळ दिसलं, तर गाडी चालवू नका. टो करून न्या. टोइंगचा खर्च नवीन हेडपेक्षा कमीच असतो.

आता धंद्याचा मुद्दा. ड्रायव्हर का थांबत नाही? मालक ओरडेल म्हणून. म्हणून मी नियम केलाय: काटा लाल, गाडी बंद. फोन परवानगी मागायला नाही, कळवायला करायचा. गिऱ्हाइकाला उशिराचं सांगायचं काम माझं.

आणि रोज सकाळी, इंजिन गार असताना, कूलंटची पातळी बघायची. दोन मिनिटांचं काम आहे. उद्या माल भरायच्या आधी ड्रायव्हरसोबत स्वतः उभे राहून बघा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!