पॉइंटांची उधारी

प्रवासाची तिकिटं आणि हॉटेलं बुक करून देणाऱ्या ॲपमध्ये ‘रिवॉर्ड्स’ आणायचं ठरलं की बैठकीत कुणीतरी हमखास म्हणतं, ‘पॉइंट देऊन टाकू, त्याला कुठे खर्च आहे?’ बाकीचे बरेचसे गैरसमज याच वाक्यातून निघतात.

पॉइंट दिला त्या क्षणी कंपनीवर देणं चढतं. भारतात १ एप्रिल २०१८पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या लेखामानकानुसार विक्रीच्या रकमेतला पॉइंटांच्या वाट्याचा भाग लगेच उत्पन्नात धरता येत नाही; पॉइंट वापरले जाईपर्यंत किंवा बाद होईपर्यंत तो थांबवून ठेवावा लागतो. त्यामुळे सोनेरी-चंदेरी बॅज काढत बसण्याआधी खतावणी हवी: कोणता पॉइंट कोणत्या बुकिंगवर, कधी जमा, कधी बाद. ‘शिल्लक १,२४०’ एवढ्या आकड्यावर भागत नाही, कारण तिकिटं रद्द होतात. चौघांच्या बुकिंगमधून एकानं माघार घेतली आणि पैसे थोडे पॉइंटांनी, थोडे यूपीआयनं भरलेले असले, तर परत काय द्यायचं? हे आधी ठरलेलं नसेल तर कस्टमर केअरमधलं कुणीतरी ते फोनवर ठरवतं, आणि दर वेळी वेगळं. पॉइंट बुकिंगच्या वेळी नुसते ‘येणार’ म्हणून दाखवावेत आणि प्रवास झाल्यावरच खात्यात टाकावेत, ते यासाठी.

मग विमान कंपन्यांना या योजना इतक्या फळतात कशा? कारण त्या आपले माइल, म्हणजे त्यांचे पॉइंट, बँकांना रोख पैशांत विकतात आणि बँका ते क्रेडिट कार्डवाल्यांना वाटतात. २०२० साली विमानं जमिनीवर असताना अमेरिकेच्या युनायटेडनं आपली ‘मायलेजप्लस’ योजनाच तारण ठेवून कर्ज उभारलं. तेव्हा तिची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर धरली होती. नव्या ॲपच्या मागे अशी बँक नसते. त्याच्या वाट्याला निव्वळ उधारी येते.

दुसरा लाडका समज: शिक्क्यांचं कार्ड भरत आलं की माणूस ते पूर्ण करायला धावत सुटतो. हे खरं आहे, पण कुठे? २००६मध्ये नून्स आणि ड्रेझ यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात गाडी धुण्याच्या केंद्रावर दोन प्रकारची कार्डं वाटली होती. आठ शिक्क्यांचं कोरं कार्ड १९ टक्के लोकांनी पूर्ण केलं. दहा शिक्क्यांचं, पण दोन आधीच मारलेलं कार्ड ३४ टक्क्यांनी. धुलाया दोघांनाही आठच लागत होत्या. गाडी वरचेवर धुतली जाते; प्रवास मात्र बहुतेक घरांत मे महिन्यात नाहीतर दिवाळीत. दहा सहलींचं कार्ड भरेस्तोवर पोरं कॉलेजात जातील! क्वचित प्रवास करणाऱ्याला दूरच्या बक्षिसापेक्षा आजची सवलत बरी. बुकिंग डॉट कॉमच्या ‘जीनियस’ योजनेत नुसतं खातं उघडलं की पहिली पातळी मिळते, ती याच हिशेबानं. आणि त्या पातळीवरची १० टक्के सवलत ॲप देतं, असंही समजू नका. ती हॉटेलवाल्याच्या खिशातून जाते.

माइल म्हणजे कापलेलं अंतर, हेही आता फारसं उरलेलं नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१मध्ये ‘एॲडव्हांटेज’ योजना सुरू केली तेव्हा ते तसं होतं. २०१५मध्ये डेल्टा आणि युनायटेडनं, २०१६मध्ये अमेरिकननं खर्चलेल्या पैशांवर माइल द्यायला सुरुवात केली.

कंपनी बुडाली की पॉइंट बुडालेच, असं अनेकांना वाटतं. जेट एअरवेजची उड्डाणं १७ एप्रिल २०१९ला थांबली, पण तिची माइल योजना चालवणारी ‘जेटप्रिव्हिलेज’ वेगळी कंपनी होती. ती त्याच वर्षी ‘इंटरमाइल्स’ झाली आणि सभासदांचे माइल टिकले. खरा धोका चालू कंपनीतच असतो, कारण पॉइंटाचा भाव ती एकतर्फी बदलू शकते. हॉटेल्स डॉट कॉमवर दहा रात्रींमागे एक रात्र मिळायची. २०२३मध्ये अमेरिकेत तिच्या मालक एक्सपीडियानं ‘वन की’ योजना आणली आणि तिथे हॉटेल बुकिंगवर साधारण दोन टक्के परत मिळू लागले. जुनी गिऱ्हाइकं चिडली, आणि बरोबरच चिडली.

ॲप बनवणाऱ्यांनी पॉइंटांशेजारी त्यांची रुपयांतली किंमत आणि बाद होण्याची तारीख लिहावी. वापरणाऱ्यांनी, ती दिसत नसेल तर पॉइंट शून्य धरून भाडं दुसरीकडे ताडून पाहावं आणि मगच बुक करावं.