अठ्ठेचाळीस कळांचा संसार

टाइप करणें ही गोष्ट आतां कारकुनाच्या खोलींतून थेट आपल्या माजघरांत येऊन पोंचली आहे. परीक्षेचा अर्ज असो, परदेशांतील मुलीस पत्र असो कीं बँकेचा व्यवहार असो, कळफलकावांचून पान हालत नाहीं. तरी ज्या वस्तूवर घरांतील निम्म्या माणसांचीं बोटें दिवसभर फिरतात, तिची रचना अशीच कां, हा प्रश्न आपणांस क्वचितच पडतो. मलाहि तो साठी उलटेपर्यंत पडला नव्हता.

माझ्या वडिलांच्या रोजनिशीच्या सात वह्या आमच्या घरीं आहेत. कागद इतका ठिसूळ झाला आहे कीं, पान उलटतांना कडा हातांत येते. निदान मजकूर तरी पुढील पिढीच्या हातीं पडावा म्हणून मी त्या संगणकावर उतरवूं लागलों. तिसरी वही संपली आणि उजवें मनगट दुखूं लागलें. डॉक्टरांनीं विश्रांति सांगितली. कागद मात्र थांबावयास तयार नव्हता. तेव्हां पुतण्यानें आपला एक चिमुकला कळफलक माझ्यापुढें ठेवला. "काका, महिनाभर हा वापरून बघा. नाहीं जमला तर माझा मला परत द्या."

नेहमींच्या मोठ्या कळफलकावर १०४ कळा असतात. यावर अवघ्या ४८. चार ओळी व बारा स्तंभ, आणि प्रत्येक कळ खालच्या कळेच्या अगदीं डोक्यावर, बुद्धिबळाच्या पटासारखी. रुंदी सुमारें २३ सेंटिमीटर. अमेरिकेंतील जॅक हंबर्ट यांच्या 'प्लँक' नांवाच्या कळफलकामुळें ही धाटणी शौकिनांत लोकप्रिय झाली. माझ्यापुढील फलक त्याच वळणाचा होता.

मग नेहमींच्या फलकाच्या ओळी तिरप्या कां? याचें उत्तर दीडशें वर्षांमागें सांपडतें. ख्रिस्तोफर शोल्स व त्यांचे सहकारी यांस १८६८ सालीं टंकयंत्राचें पेटंट मिळालें आणि १८७४ पासून रेमिंग्टन कंपनीचें यंत्र बाजारांत आलें. त्या यंत्रांत प्रत्येक कळेमागून एक दांडी सरळ आंत जाई. कळा एकामागें एक ठेवल्या असत्या तर दांड्या एकमेकींस भिडल्या असत्या. म्हणून ओळी थोड्या थोड्या सरकविल्या. पुढें दांड्या गेल्या, तिरपेपणा मात्र राहिला. कारण लोपलें तरी रूढि टिकते, याचें उदाहरण शोधावयास दूर जावयास नको!

'यांत्रिक' म्हणजे काय, तेंहि सांगतों. स्वस्त फलकांत सर्व कळांखालीं रबराचा एकच पडदा असतो. यांत प्रत्येक कळेस स्वतंत्र स्प्रिंग व स्वतंत्र खटका असतो. कळ एकंदर ४ मिलिमीटर खालीं जाते. पण सुमारें २ मिलिमीटरवरच अक्षर उमटतें. त्यामुळें तळापर्यंत ठोसा मारण्याचें कारण नाहीं. उरलेल्या कळांचें काम 'थर' करतात. तळच्या ओळींतील एक विशेष कळ दाबून धरली कीं, त्याच कळा आंकडे व चिन्हें देऊं लागतात.

पहिला आठवडा फजितीचा गेला. खालची ओळ उजवीकडे सरकलेली असावयाची, ही बोटांची जुनी समजूत. त्यामुळें 'मन' लिहावें तों 'नव' उमटे! पण खरी अडचण निराळीच होती. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानें १९८६ सालीं ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीनें मी टाइप करतों. तींत 'ड' हें अक्षर इंग्रजी 'पी'च्या उजवीकडील चौकटी कंसाच्या कळेवर आहे, आणि या लहान फलकावर ती कळच नाहीं! ती वरच्या थरांत, 'त'च्या जागीं जाऊन बसलेली. वडिलांच्या रोजनिशींत तर वाडा, गाडी, पडवी, पाऊस पडला यांवांचून पान नाहीं. दर 'ड'ला दोन कळा दाबतां दाबतां माझा धीर सुटूं लागला.

परंतु या फलकांतील मांडणी आपल्या मनाप्रमाणें बदलतां येते, हा त्याचा मोठा गुण. पुतण्यानें खोडण्याची कळ खालच्या कोपऱ्यांत नेली आणि रिकाम्या जागीं, म्हणजे 'ज'च्या शेजारीं, 'ड'ची प्रतिष्ठापना केली. त्या दिवसापासून आमचें सूत जमलें.

एक तक्रार वहिनींची. "भावोजी, रात्रीं अकराला पत्र्यावर गारा पडल्यासारख्या वाटतात हो!" खटक्यांचे टकटकणारे व मुकाट्यानें सरकणारे असे प्रकार असतात, हा पहिल्या जातीचा. खालीं पंचाची घडी घातली आणि रात्रीं नऊनंतर लेखन बंद केलें. घरांत शांतता नांदूं लागली.

महिनाअखेरचा निर्णय प्रामाणिकपणें सांगतों. बोटांची धांव कमी झाली, माउस जवळ आला, उजवा खांदा हलका झाला. मनगटाचें दुखणें मात्र पुरतें गेलें नाहीं. कारण फलक अरुंद, त्यामुळें दोन्ही हात जवळ येऊन मनगटें बाहेरच्या बाजूस वळतात. त्यावर दोन तुकड्यांचा फलक अधिक बरा. ज्यांस दिवसभर आंकडे भरावयाचे आहेत, त्यांनीं या वाटेस जाऊं नये. ज्यांस महिनाभर मंद गति सोसवेल, त्यांनीं अवश्य पहावा. पण आधीं कुणाचा तरी मागून आणून.

पांचवी वही परवां पुरी झाली. वडिलांच्या पहिल्या वहीचीं आरंभींचीं पानें मोडींत आहेत. तीं एका जाणत्या स्नेह्याकडून वाचून घेतलीं. पुढें मध्येंच एका दिवशीं अक्षर बदलतें आणि बाळबोध सुरू होते. मोडी शाळेंतून चालली आहे, मुलांस ती वाचतां येणार नाहीं, एवढेंच कारण त्यांनीं तेथें लिहिलें आहे. पुढचीं कांहीं पानें वेडींवांकडीं आहेत. ओळी चढतात, अक्षरें अडखळतात. आम्हांसाठीं त्यांनीं आपल्या हाताचें वळण मोडलें होतें. तीं पानें उतरवितांना माझ्याहि चुका झाल्या, पण त्यांचा त्रागा मला आला नाहीं. दोन वह्या अजून उरल्या आहेत.