सोळा आणे म्हणजे नेमके किती?

‘तुझं म्हणणं सोळा आणे खरं’ हे जुन्या जालन्यातल्या शाळकरी पोरालाही कळतं. त्यामागचा हिशोब मात्र घरच्या म्हाताऱ्यांनाच विचारावा लागतो.

रुपयाचे आणे सोळा, आण्याच्या पै बारा. सोळाचे निम्मे-निम्मे करत जाणं सोपं. रुपयाची निम्मी अधेली, तिची निम्मी पावली, पावलीची निम्मी चवली, चवलीचा निम्मा आणा. सोळा आणे भरले की रुपया पुरा. म्हणून ‘सोळा आणे’ म्हणजे पुरेपूर. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ या म्हणीतही बेरीज बरोबर रुपयाची आहे आणि मसाला कोंबडीच्या तिप्पट. म्हण करणाऱ्याचं गणित पक्कं होतं. दमडी आणि कवडी तर आण्याच्याही फार खाली, म्हणून ‘कवडीमोल’.

‘सोने का पालना’ म्हणवणाऱ्या जालन्यात आणखी एक गुंता होता. 1948 पर्यंत गाव निजामाच्या राज्यात, चलन हाली सिक्का. शेजारचं देऊळगाव राजा वऱ्हाडात, म्हणजे इंग्रजांचा कलदार रुपया. सात हालीला सहा कलदार असा दर. शंभर कलदार हवे असतील तर हाली मोजायचे 116 रुपये 10 आणे 8 पै! रुपया म्हटलं तरी कुठला, हे आधी ठरवावं लागे.

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. हा हिशोब नाण्यांत बसेना. पण चार, आठ आणि बारा आणे अचूक 25, 50, 75 पैसे होतात. म्हणूनच चार आणे, आठ आणे बोलण्यात टिकले. जून 2011 अखेर 25 पैशांचं नाणंही चलनातून गेलं.

शेतकऱ्याच्या तोंडी आणे अजून आहेत ते आणेवारीमुळे. कापणी प्रयोगातून गावाचं उत्पन्न काढायचं, ते ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडायचं आणि पीक रुपयात किती आलं ते सांगायचं, अशी ही रीत. सरकारी कागदावर तिची ‘पैसेवारी’ झाली. आधी नजर अंदाज, मग सुधारित, शेवटी अंतिम. आकडा 50 च्या खाली गेला तर महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, परीक्षा शुल्कात माफी अशा सवलतींची वाट मोकळी होते. तेव्हा अंतिम पैसेवारी जाहीर झाली की आपल्या गावापुढचा आकडा जरूर पाहा. 50 पैसे म्हणजे जुने आठ आणे.