विस्मृतीचें माहेर

गेल्या आषाढांत अकोल्याच्या जठारपेठेंत आमचे एक जुने स्नेही भेटले. क्षेमकुशल विचारून झाल्यावर त्यांनीं आवाज थोडा खालीं आणला आणि म्हटलें, "मास्तर, वहिनींना अमरावतीच्या आश्रमांत ठेवलें म्हणे? घरांत इतकीं माणसें असून?" प्रश्नांत दुष्टपणा नव्हता, पण 'असून' या शब्दावर जो भार पडला तो घरीं पोंचेपर्यंत आमच्या कानांतून गेला नाहीं. रस्त्यांत उभें राहून देण्याजोगें तें उत्तर नव्हतें, म्हणून तें येथें देण्याचें योजिलें आहे. हाच प्रश्न आज ना उद्यां वाचकांपैकीं कित्येकांच्या दारीं येणार आहे.

आमच्या सौ.च्या आजाराचा प्रारंभ सहा वर्षांपूर्वीं वरणांतल्या मिठापासून झाला. एके दिवशीं मीठ दोनदां पडलें, दुसऱ्या दिवशीं पडलेंच नाहीं. आम्ही हंसलों. पुढें दुधाचा हिशेब चुकूं लागला. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास बायका दारांत आल्या, तेव्हां त्यांस बोलावणें केल्याचेंच तिला आठवेना. आम्ही रागावलों. शेवटीं एकदां तिनें आमच्या थोरल्या वहिनींस, ज्यांच्याबरोबर तिनें चाळीस वर्षें एका घरांत स्वयंपाक केला, "आपण कोण?" असें विचारलें, तेव्हां आम्ही घाबरलों. हंसणें, रागावणें आणि घाबरणें या तीन पायऱ्या बहुतेक घरें याच क्रमानें चढतात, आणि डॉक्टरांकडे जाण्यास जो उशीर होतो तो पहिल्या दोन पायऱ्यांवर.

डॉक्टरांनीं प्रथम रक्त तपासलें. थायरॉईड ग्रंथीचा मंदपणा, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव (जी आम्हां शाकाहारी घरांत विरळा नव्हे) आणि मनाची खिन्नता यांनींही विसराळूपणा येतो, व तो उपचारानें पुष्कळ अंशीं हटूं शकतो. म्हणून ही तपासणी कोणींही टाळूं नये. आमच्या दैवीं तो मार्ग नव्हता. निदान झालें तें अल्झायमरच्या रोगाचें. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं आलॉइस अल्झायमर या डॉक्टरानें ऑगस्टे नांवाच्या ५१ वर्षांच्या एका स्त्रीस तपासलें. १९०६ मध्यें ती वारल्यावर तिच्या मेंदूंतील विकृति त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून विद्वानांपुढें मांडली. १९१० मध्यें क्रेपेलिन या पंडितानें त्या रोगास अल्झायमरचें नांव दिलें. रोग समूळ बरा करणारें औषध अद्याप नाहीं. स्मृतिभ्रंश आणणाऱ्या रोगांत हा सर्वांत अधिक आढळणारा; आणि २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीच्या अनुमानानुसार भारतांत साठीपुढील माणसांत शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख, स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत. तेव्हां हें कांहीं आमच्याच घरावरचें संकट नव्हे.

'स्मृतिभ्रंश' हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत येतो. तेथें क्रोधापासून बुद्धिनाशापर्यंतची साखळी सांगितली आहे, आणि स्मृतीचा भ्रंश ही तींतील एक कडी आहे. परंतु तेथील भ्रंश हा मनुष्याच्या स्वतःच्या दोषाचें फळ आहे. मेंदूच्या पेशी झिजून आलेल्या भ्रंशास तोच न्याय लावणें हा अन्याय होय. हें आम्हांस पुस्तकांतून ठाऊक होतें, पण आचरणांत नव्हतें, हें पुढील हकीकतीवरून दिसेल.

सौ.चें माहेर अमरावतीस, अंबागेटच्या आंत. लहानपणीं आईचें बोट धरून अंबादेवीच्या दर्शनास जाणें आणि परत येतांना फुटाणे घेणें, हें तिच्या बालपणाचें सुख. रोग वाढला तसे मधले दिवस पुसले गेले आणि हें बालपण वर आलें. याचें कारण असें सांगतात कीं, मेंदूच्या अंतर्भागीं हिप्पोकॅम्पस नांवाचा एक लहान भाग आहे. नवी गोष्ट प्रथम त्याच्या वहींत टिपली जाते, आणि या रोगाची कीड बहुधा त्याच वहीस प्रथम लागते. म्हणून सकाळचें जेवण आठवत नाहीं, पण साठ वर्षांपूर्वींचें अंगण लख्ख दिसतें. हातांस लागलेल्या संवयी, म्हणजे फुलें ओवणें, कणीक तिंबणें, वाती वळणें, यांची नोंद मेंदूच्या निराळ्या भागीं असते. ती आणखी बरेच दिवस टिकते.

रोज दिवेलागणीच्या सुमारास ती पदर खोंचून दारांत उभी राही आणि म्हणे, "मला घरीं जायचें आहे. आई वाट पाहत असेल." आम्ही आयुष्यभर मुलांच्या वह्यांतील चुका लाल शाईनें दुरुस्त केल्या; तीच संवय येथें नडली. आम्हीं तिला सांगितलें, "हेंच तुझें घर. तुझी आई जाऊन तीस वर्षें झालीं." तें ऐकून ती त्याच क्षणीं आई गेल्याप्रमाणें रडली. दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न, तेंच उत्तर, तेंच रडणें. एका आईच्या मृत्यूची वार्ता आम्हीं तिला किती वेळां दिली असेल याचा हिशेब आज करवत नाहीं. सत्य बोलावें हें खरें. परंतु जें सत्य ऐकणारास राहणारच नाहीं, केवळ त्याची जखम मागें उरणार, तें रोज नव्यानें सांगणें हा कोणता धर्म?

एका पौषांत, संध्याकाळीं, ती घरांतून नाहींशी झाली. दोन पुतणे, मुलगा व शेजारचीं मुलें चहूंकडे धांवलीं. रात्रीं साडेनऊ वाजतां ती अकोला स्टेशनाच्या फलाटावर बांकावर बसलेली सांपडली. पायांत चप्पल नाहीं, मांडीवर देवघरांतली तांब्याची पळी. चहावाल्यानें तिला चहा दिला होता आणि अमरावतीची गाडी अजून यायची आहे, असें सांगून बसवून ठेविलें होतें. आम्ही घरचे तिला तीन वर्षें जें सांगूं शकलों नाहीं, तें त्या परक्या मनुष्यानें एका वाक्यांत साधलें.

त्यानंतर दारास आंतून कुलूप लागलें. सूनबाईनें नोकरीवरून रजा घेतली. वहिनी चौऱ्याहत्तर वर्षांच्या, रात्रीं सौ.ला धरतां धरतां त्या पडल्या आणि त्यांचें मनगट मोडलें. आणि एका रात्रीं, लिहितांना लाज वाटते, आम्हीं तिच्यावर ओरडून हात उगारला. तो खालीं आला नाहीं, पण तिनें डोळे मिटून मान खालीं घातली तें आम्हीं पाहिलें.

दुसऱ्या दिवशीं दादांनीं सर्वांस माजघरांत बसविलें. विरोध केला तो एकट्या आम्हींच. पत्नीस घराबाहेर ठेवणें म्हणजे तिला टाकणें, असा आमचा पक्ष होता. तेव्हां गळ्यांत हात अडकविलेल्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तिला टाकूं नये म्हणतां, तें तिच्यासाठीं कीं लोकांसाठीं? ती तर रोज इथून निघायला पाहते." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठीं वेगळीं गृहें आपल्या देशांत थोडीं, आणि तीं बहुतेक मोठ्या शहरांत. आम्हीं जें पाहिलें तें अमरावतीच्या वेशीबाहेरचें एक साधें सेवागृह. तेथील मुख्य बाई पूर्वीं परिचारिका होत्या; दहा वृद्ध स्त्रिया, मध्यें कडुनिंबाचें अंगण, भोंवतीं भिंत, आणि त्या भिंतीच्या आंत ज्याला जिकडे चालावेंसें वाटेल तिकडे चालण्याची मोकळीक. नेदरलंडमध्यें वेस्प या गांवीं २००९ सालीं 'होगवेक' नांवाची एक वसाहत याच तत्त्वावर उभी राहिली: रुग्णांनीं लहान लहान कुटुंबांसारखें राहावें, दुकानांत जावें, बागेंत फिरावें, आणि त्यांना रोज खोडून काढणारें कोणी नसावें. आमच्या बाईंनीं तें नांव ऐकलें होतें कीं नाहीं, आम्हीं विचारलें नाहीं. पण रीत तीच होती.

पहिले आठ दिवस वाईट गेले. ती जेवेना, निजेना. नवव्या दिवशीं बाईंनीं तिच्यापुढें कापसाची टोपली ठेविली. वऱ्हाडांत कापसाला काय तोटा? सौ.नें सरकी काढली, बोटें ओलावलीं आणि वात वळली. मग दुसरी, मग तिसरी. शेजारीं दर्यापूरकडील एक शेतकरी घरची वृद्धा बसली होती, तिलाही आपलें गांव आठवत नव्हतें. तिनें सौ.च्या डोळ्यांतील पाणी पाहून म्हटलें, "काहून रडतं व माय? बस इथं माह्यापाशी." त्या दिवसापासून दोघींची जोडी जमली. एक ओव्या म्हणते, दुसरी वाती वळते. सासूबाईंच्या हाताखालीं जिनें कडक सोवळें पाळलें, ती आज त्या मैत्रिणीच्या ताटांतील भाकरीचा तुकडा मोडून घेते आणि आपल्या ताटांतला कढीगोळा तिला देते. प्रथम पाहिलें तेव्हां आम्ही चपापलों. मग मनांत आलें, रोगानें तिचें पुष्कळ नेलें. त्यांत हें एक ओझेंही नेलें असेल, तर त्याबद्दल शोक कां करावा?

आतां संध्याकाळीं ती दारांत उभी राहत नाहीं. 'घरीं जायचें' हे शब्द बंद झाले, कारण तिच्या लेखीं ती घरींच आहे. अंगण आहे, निंब आहे, मैत्रीण आहे, आणि आई देवीच्या देवळांत गेली आहे, येईलच.

आम्ही गुरुवारीं व रविवारीं जातों. आम्हांस ती ओळखत नाहीं; कोठल्या तरी शाळेचे मास्तर म्हणून ओळखते. एका रविवारीं तिनें पाट मांडला आणि म्हणाली, "बसा मास्तर. आमचे 'हे' अकोल्याला असतात. तेही मास्तरच. रागीट आहेत फार. पण पेपर तपासायला बसले म्हणजे मला जवळ बसवून घेतात, आणि पोरांनीं लिहिलेल्या गंमती वाचून दाखवतात." आम्हीं विचारलें, "मग त्यांची आठवण येते का?" ती म्हणाली, "येतील कीं. त्यांना यायचें कळतें." एवढ्या वर्षांच्या संसारांत हें तिनें आमच्या तोंडावर कधीं सांगितलें नव्हतें. परका होऊन बसलों म्हणून ऐकावयास मिळालें.

शाळेंत आम्हीं वर्षानुवर्षें शाकुंतलाची कथा शिकविली. दर वर्षीं मुलें दुष्यंतावर रागावत. आणि आम्ही दर वर्षीं सांगत असूं कीं, विसरला त्याचा दोष नाहीं, तो शापाचा परिणाम आहे. नाटकांत मुद्रिका सांपडते आणि ओळख परत येते. आमच्याकडे मुद्रिका सांपडावयाची नाहीं, हें ठाऊक आहे. मात्र शापाचा राग शापितावर काढावयाचा नसतो, हा धडा मुलांस शिकविणाऱ्यानें स्वतः फार उशिरां गिरविला.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांची हकीकत अशा वेळीं धीर देते. २००५ सालीं त्यांनीं निवृत्ति जाहीर केली, त्याचें एक मुख्य कारण अल्झायमरनें पीडित पति जॉन यांची शुश्रूषा. पुढें जॉन सेवागृहांत गेले, आणि तेथें एका सहनिवासी स्त्रीवर त्यांचा जीव जडला. पत्नीस विसरून ते तिचा हात धरून बसत. त्यांच्या मुलानें लोकांस सांगितलें कीं, वडील तेथें सुखी आहेत हें पाहून आईस समाधान वाटतें. जॉन २००९ मध्यें वारले. पुढें २०१८ सालीं या विदुषीनें स्वतःसही स्मृतिभ्रंश झाल्याचें प्रकट केलें, आणि २०२३ मध्यें त्या निवर्तल्या. 'माझी आठवण ठेव' या मागणीपेक्षां 'तूं सुखी ऐस' ही इच्छा मोठी, हें त्यांनीं कृतीनें दाखविलें.

आणि दूर कशाला जावें? अमरावतीस डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनीं १९४६ सालीं तपोवन उभारलें तें समाजानें दृष्टीआड केलेल्या कुष्ठरोग्यांसाठीं. वझ्झरच्या शंकरबाबा पापळकरांनीं टाकून दिलेल्या अपंग मुलांस आश्रय दिला. २०२४ मध्यें त्यांस पद्मश्री मिळाली. घरच्या छपराखालीं जें साधत नाहीं तें दुसऱ्या छपराखालीं प्रेमानें साधतें, हें आमच्या वऱ्हाडास नवें नाहीं.

ज्यांच्यावर हा प्रसंग येईल त्यांनीं चार गोष्टी कराव्या. गृह पाहावयास न कळवितां, जेवणाच्या वेळीं जावें. रात्रीं जागें कोण असतें तें विचारावें. सेविका वृद्धांशीं उभ्यानें बोलतात कीं समोर बसून, तें पाहावें. बरोबर नवें सामान देऊं नये. जुनी गोधडी, रोजची वाटी आणि तरुणपणचें एक छायाचित्र द्यावें. भेटीस दुपारीं जावें, सांजेस नव्हे, आणि निघतांना निरोपाचा सोहळा करूं नये. चुकीची दुरुस्ती करूं नये. खोटें बोलणें जड जात असेल तर "आई कशी होती गं?" असें विचारावें, उत्तरांत सायंकाळ निघून जाते.

तर स्नेही महाशय, तुमच्या 'असून' चें उत्तर असें: घरांत इतकीं माणसें आहेत, आणि तीं सर्व आतां आळीपाळीनें तिच्याकडे जातात. पूर्वीं तींच माणसें तिच्याजवळ होतीं, पण थकलेलीं, चिडलेलीं, कुलपाची किल्ली कनवटीस लावलेलीं. आतां जातात तीं झोप झालेलीं. या रविवारीं वहिनींची पाळी आहे. मनगट बरें झालें आहे, आणि सौ.साठीं त्यांनीं निवडक कापूस पिशवींत भरून ठेविला आहे.