दहावीच्या पेपरच्या तोंडावर पोरगं आजारी पडलं, तर?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजवरून निघालाय. धारूरकडच्या एका आजीचा मेसेज होता, आवाज घाबराघुबरा. "लेका, नातू धावीला हाय. कावीळ झालीय त्याला. डाक्टर म्हणतो झोपून ऱ्हा. पेपर बुडला तर वर्स गेलं का? अन् कागद द्यायचा कुणाला?" मुलाचे आई-वडील कोयत्यावर गेलेले, कर्नाटकाच्या बाजूला. घरात आजी, नातू आणि सातवीतली नात.

आपल्या बीडमध्ये हे काही जगावेगळं नाही. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि कारखान्यांचा पट्टा पडेपर्यंत परत येत नाहीत. बोर्डाची परीक्षा बरोब्बर त्याच मधल्या काळात. २०२५ ला तर ती नेहमीपेक्षा आठ-दहा दिवस अलीकडे आली, बारावी ११ फेब्रुवारीला आणि दहावी २१ फेब्रुवारीला सुरू झाली. म्हणजे पोरगं तापानं फणफणलं तर धावपळ करणार कोण, हा प्रश्न आधी येतो, नियम नंतर.

तरी नियमांकडे येऊ. पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण इथंच गावोगाव गैरसमज आहे. आजारपणाचा दाखला जोडला म्हणून आपलं बोर्ड लेखी पेपरात गुण वाढवून देत नाही. इंग्लंडमध्ये तशी पद्धत आहे. तिथं पेपरच्या वेळी मूल आजारी असेल तर शाळा अर्ज करते आणि जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत गुण वाढवून मिळू शकतात, तेही फार गंभीर प्रसंगात. साध्या दुखण्याला एखाद-दुसरा टक्का. आपल्याकडे २०२० साली करोनामुळे दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, तेव्हा बोर्डानं बाकीच्या विषयांवरून सरासरी काढून गुण दिले होते. पण ते राज्यातल्या सगळ्या मुलांना. एकट्या मुलाच्या काविळीसाठी सरासरी काढत नाहीत. तेव्हा कुणी म्हणालं, "दाखला द्या, बघतो वरून," तर त्याच्या नादी लागू नका. पैसे मागितले तर मुळीच नाही.

मग मिळतं काय? मिळते ती दुसरी संधी. ती कोणती, हे काय बुडालंय त्यावर ठरतं.

तोंडी किंवा प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली असेल, तर काम त्यातल्या त्यात सोपं. या परीक्षा लेखीच्या आधी शाळेतच होतात. भाषेला लेखी ८० आणि बाकीचे २० गुण शाळेकडं, विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे २०. आजारपणामुळे किंवा तशाच अपरिहार्य कारणानं मूल हजर राहू शकलं नाही, तर लेखी परीक्षा संपल्यावर ती पुन्हा घेतात. शाळेच्या भाषेत याला 'आउट ऑफ टर्न' म्हणतात, अन् हा शब्द लक्षात ठेवा, कारण मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये तोच चालतो. मात्र शाळेला कळवायला हवं. पोरगं आलं नाही, कुणी काही सांगितलं नाही, की गैरहजर म्हणून नोंद होते आणि मग खुलासे करत बसावं लागतं. हे २० गुण म्हणजे लेखीच्या आधीच खिशात टाकायचे गुण आहेत, ते हकनाक घालवू नका.

लेखी पेपर बुडाला, तर त्याच परीक्षेत तो पुन्हा होत नाही. मग पुरवणी परीक्षा. पूर्वी मार्चमध्ये राहिलेलं मूल ऑक्टोबरची वाट बघायचं आणि वर्ष जायचंच. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा जुलैमध्ये घ्यायला लागले, तेव्हापासून वर्ष वाचायला लागलं. २०२५ मध्ये तर दहावीचा निकाल १३ मे ला आणि पुरवणी २४ जूनपासून. मार्चमध्ये जे विषय सुटले ते पुन्हा द्यायचे नसतात, राहिलेलेच द्यायचे. फक्त अर्ज निकालानंतर लगेच, शाळेमार्फतच भरायचा असतो आणि मुदत थोड्या दिवसांची असते. मे महिन्यात शाळेला सुट्टी, पोरगं मामाच्या गावाला, म्हणून तारीख निघून गेली, अशी उदाहरणं मी डोळ्यांनी बघितली आहेत.

आता अवघड प्रश्न. अंगात ताप आहे, उभं राहता येतंय, पेपर द्यावा का सोडावा?

डॉक्टर नाही म्हणाले तर नाही. तिथं माझं मत, तुमचं मत, शेजाऱ्याचं मत काही नको. पण डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर मी सहसा बसवा असंच सांगीन. कारण दहावीची टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'नं निघते, सहापैकी चांगल्या पाच विषयांची. तापात दिलेला एक पेपर पास होण्यापुरता गेला, तरी तो टक्केवारीतून बाहेर पडू शकतो. शिवाय गणित, विज्ञान, समाजशास्त्र यांचे दोन-दोन भाग आहेत, ४०-४० गुणांचे, दोन-दोन तासांचे. एक भाग वाईट गेला म्हणजे विषय बुडाला असं नाही. आणि पास झाल्यावरही गुण कमीच वाटले, तर श्रेणीसुधार योजनेत पुन्हा बसता येतं.

बसवायचं ठरलं तर आदल्या दिवशीच मुख्याध्यापकांना सांगा, त्यांच्यामार्फत केंद्रसंचालकांना. कांजण्या असतील तर वेगळं बसवायला लागतं, उलट्या होत असतील तर दाराजवळची जागा बरी. हे सगळं सकाळी साडेदहाला फाटकावर सांगून होत नाही. आपल्या जिल्ह्यात कॉपीमुक्त अभियानामुळे केंद्रावर वातावरण कडक असतं. ते असायलाही हवं. पण आजारी मूल पाणी मागायलासुद्धा भितं, हे मोठ्या माणसांनी आधीच मोकळं करून ठेवलेलं बरं.

हात मोडला तर लेखनिक मागता येतो. लेखनिक म्हणजे सांगेल ते लिहून देणारं, खालच्या वर्गातलं मूल. दवाखान्याच्या दाखल्यासह शाळेनं विभागीय मंडळाकडं पाठवायचं. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर मंडळात येतो, लातूरमध्ये नाही. अंबाजोगाईची माणसं हटकून लातूरला फोन लावतात म्हणून सांगितलं. मार्च २०२३ मध्ये मुंबईत परीक्षेच्या मधेच अपघात झालेल्या दहावीच्या एका मुलीनं ॲम्ब्युलन्समध्ये पेपर दिला होता. म्हणजे शाळा मागं उभी राहिली तर बरंच काही होतं.

आणि थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल असणाऱ्यांच्या घरी हे माहीत असू द्या, की २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हे आजार धरलेले आहेत. प्रमाणपत्र आधीच काढून ठेवलं तर सवलतींसाठी अर्ज करता येतो. ते काम फेब्रुवारीत सुरू करायचं नसतं.

कागदांचं म्हणाल तर केसपेपर, रक्ताचा रिपोर्ट, डॉक्टरांचा सही-शिक्क्याचा दाखला, त्यावर तारखा. शक्यतो सरकारी दवाखान्याचा, मग तो प्राथमिक आरोग्य केंद्राचा असो, बीडच्या जिल्हा रुग्णालयाचा असो, नाहीतर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयाचा. दाखला मागाहून, मागच्या तारखेचा काढायला जाऊ नका. अर्जाच्या दोन प्रती करा आणि एकीवर शाळेची पोच घ्या. पोच मागायला लाजू नका. खरं तर आजारपणासाठी एकपानी छापील फॉर्म प्रत्येक शाळेत असावा असं मला वाटतं, हॉल तिकिटाबरोबरच द्यावा. मूल एकटं असलं तरी भरता येईल.

आजीला हे सगळं फोनवर सांगितलं. नातवाचे पहिले दोन पेपर बुडणार होते, बाकीच्यांना डॉक्टरांनी बघू म्हटलं होतं. मी म्हटलं, बुडाले ते जूनमध्ये देऊ, उरलेले जमतील तसे. आजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अर्ज साध्या वहीच्या पानावर चालतोय का? दुकान लांब हाय." चालतो, म्हटलं. मग मागून नातीचा आवाज आला, "दादा, 'प्रति, माननीय मुख्याध्यापक' म्हणून सुरू करू का?"